घाट आणि एक वेलांटी

‘कथेला सुरेख घाट आहे,’ असं एका समीक्षकाने माझ्याबद्दल छापलं, तेव्हापासून मी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळतो. बायको म्हणाली, “असणारच. वाचताना केवढा दम लागतो!”

ती रत्नागिरीची. तिच्या माहेरी घाट हा डौल नसून दिशा आहे. ‘जावई घाटावरचे हो,’ एवढ्यात माझं तिखट, माझा आवाज आणि माझं मासे खाणं, सगळ्याचा निकाल लागतो. मी मूळचा वाईचा. आमच्याकडे हा शब्द कृष्णेत उतरवतो आणि पसरणीला डोंगर चढवतो, त्यामुळे त्याच्या स्वभावाची मला लहानपणापासून सवय आहे.

पण खरा घाट बोरघाट. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, तेवढ्यात वडा पदरात पाडून घेणं ही माझ्या मते अभिजात कला आहे. वडा गरम, गाडी सुटायच्या बेतात, हातात सुटे नाहीत! या घाटातून रेल्वे धावू लागली 1863 मध्ये. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम पुरं करून घेतलं त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने. नवऱ्याने घाट घालायचा आणि बायकोने निस्तरायचा, ही रीत आमच्या घरापुरती नाही तर!

हा घाट फोडताना किती मजूर मेले, हे मात्र वडा खाताना आठवत नाही. पुढे त्याच वाटेने माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत उतरली. माझे आजोबा त्यांतलेच. लालबागला खोलीत पाळीपाळीने झोपायचे, गावी मनीऑर्डर करायचे. शहराने त्यांना घाटी म्हटलं. गोणी उचलायला हाक मारतानाही घाटी, नाक मुरडतानाही घाटी.

परवा ऑफिसातला एक पोरगा माझा शर्ट बघून म्हणाला, “सर, किती घाटी!” एका वेलांटीने माझ्या डौलाचा चोळामोळा केला. हसण्यावारी नेलं खरं, पण दिवसभर डोक्यातून आजोबा हलेनात. त्यांच्याकडे शर्टच दोन होते.

त्याच पोराने रविवारी हॉटेलात ‘अस्सल घाटी मटण’ चापलं, बोटं चाटतानाचा फोटो टाकला. सगळ्या ऑफिसने लाइक केला.

मी केला नाही.