गोळीचा गोतावळा

थायरॉईडची गोळी हे आता कितीतरी मराठी घरांतलं सकाळचं पहिलं आन्हिक झालं आहे. देवपूजेच्याही आधी तिचा मान, आणि चहा तर तिच्यानंतर निदान अर्ध्या तासाने. तो अर्धा तास भलता लांब असतो. नवऱ्याच्या चहाला उकळी फुटते, आल्याचा वास घरभर हिंडतो आणि आपण उपाशीपोटी घड्याळाकडे बघत बसतो. बागेत फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांत 'कशी आहेस?' असं कुणी विचारत नाही, 'तुझी किती?' असं विचारतात. 'पंचाहत्तर. तुझी?' 'माझी पन्नासच गं.' त्या 'पन्नासच'मध्ये जरा तोरा असतो.

हे आकडे मायक्रोग्रॅमचे. गोळीतलं खरं औषध लेव्होथायरॉक्सिन; त्याच्या एका ग्रॅममध्ये पन्नासच्या 20,000 गोळ्या होतात! म्हणजे गोळीत औषध अगदी नावापुरतं. उरलेली जवळजवळ सगळी गोळी म्हणजे लॅक्टोज, स्टार्च असली मंडळी; औषध चिमटीत धरता यावं म्हणून जमवलेली. लग्न एकाशी होतं, नांदावं मात्र गोतावळ्यात लागतं, तशातली गत.

माझी नेहमीची तपकिरी बाटली एकदा मिळेना. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची पुढे केली. "आत औषध तेच आहे काकू, फक्त कंपनी वेगळी." त्याचं म्हणणं खरंच होतं. पण थोड्याच दिवसांत छातीत धडधडायला लागलं, झोप उडाली, पोट कुरकुरू लागलं. चिडचिडही होती, ती गोळीची की मूळचीच, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. नवऱ्याने 'मनाचे खेळ' असं निदान केलं. त्याला सकाळचा चहा वेळेवर मिळत असल्यामुळे तो अशी निदानं शांतपणे करू शकतो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, हे औषध मोठं काटेकोर. कंपनी बदलली की ते अंगी लागण्याचं प्रमाण किंचित बदलू शकतं, आणि इथे किंचितही पुष्कळ होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 साली नियमच कडक केला: मुदत संपेपर्यंत गोळीतलं औषध लिहिलेल्या मात्रेच्या 95 ते 105 टक्क्यांतच राहिलं पाहिजे. तिथे बहुतेक गोळ्या मात्रेनुसार रंगीत असतात, पन्नासची मात्र पांढरी. रंग सोसत नसलेल्या माणसाला डॉक्टर पन्नासच्याच गोळ्यांची बेरीज करून देतात.

फ्रान्समध्ये तर या गोतावळ्यावरून देशभर रण माजलं. 2017 साली तिथल्या लेव्होथायरॉक्स या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. औषध तेच, हेतूही चांगला, औषध अधिक टिकाऊ व्हावं हा. पण ती घेणारे लोक सुमारे 30 लाख. थकवा, चक्कर, केस गळणं अशा तक्रारींचा पाऊस पडला, लाखो सह्यांचा अर्ज झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी त्याच वर्षी जुन्या पद्धतीची गोळी तात्पुरती परत आणावी लागली. यातलं किती गोळीचं आणि किती धास्तीचं, यावर तज्ज्ञ भांडत राहिले. धडधडणाऱ्या छातीला मात्र निकालाची वाट बघत बसता येत नाही.

माझी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, सहा आठवडे थांबून केली. या औषधाचा रक्तातला अंश निम्मा व्हायलाच आठवडा लागतो, तेव्हा घाईने सुई टोचून उपयोग नसतो. रिपोर्ट निर्दोष आला. कागद म्हणे, बाई ठणठणीत. छाती म्हणे, मला विचारा. डॉक्टरबाईंनी दोघांचंही ऐकलं आणि जुनी कंपनी पुन्हा लिहून दिली. "कंपनी कुठलीही चालेल, पण एकीवर टिका. बदलावीच लागली तर मला सांगा, म्हणजे परत तपासू." आता मी बाटली तळाला जायच्या आधीच दुसरी आणून ठेवते.

धडधड थांबली, झोप परत आली, पोटही निवलं. चिडचिड तेवढी दोन्ही कंपन्यांत सारखीच भरली. तेव्हा ती भरताडातली नसून मूळ द्रव्यातली असावी, असं नवऱ्याचं संशोधन आहे.