एका वेळी एकच

बँकॉकमध्ये राहून पॅड थाई घरी करायला निघालेल्या माणसाकडे इथले लोक रागाने बघत नाहीत, काळजीने बघतात. आमच्या सोयच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशीच गाडी लागते. लिफ्टने खाली उतरायला लागतो त्याहून कमी वेळात ताटली हातात येते आणि कढई घासायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात असतं. इथल्या कित्येक भाड्याच्या खोल्यांना तर स्वयंपाकघर हा प्रकारच नसतो. पण पुण्याहून सासू-सासरे आणि रत्नागिरीहून सासूबाईंच्या धाकट्या बहीण मुक्कामाला आल्या होत्या, आणि बाहेरच्या खाण्याबद्दल सासूबाईंची मतं ठाम आहेत. "घरीच करू की! शेवया तर परतायच्या. त्यात काय एवढं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. जावई हौसेने स्वयंपाक करतो, ही बातमी माझ्या बायकोनेच माहेरी फोडली होती.

गाडीवरच्या बाईंना सगळा सोय 'पा' म्हणतो. वयाने मोठ्या बाईला इथे तशीच हाक मारतात. मी शिकवणीला त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. पांचा हात थांबत नाही. तेल तापलं की त्यात चिरलेले छोटे कांदे, पिवळ्या घट्ट टोफूचे तुकडे, बारीक केलेला खारवलेला मुळा आणि चिमूटभर सुकट. मग भिजवलेल्या तांदळाच्या शेवयांची एक मूठ, आणि तिच्यावर चिंच, ताडगूळ आणि नाम प्ला यांच्या मिश्रणाची एक पळी. चर्र आवाज होतो, वाफ अंगावर येते आणि पांढऱ्या शेवया बघता बघता तपकिरी होतात. त्या कालथ्याने कडेला सरकवायच्या, मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, ते अर्धवट थिजलं की शेवया त्याच्यावर ओढून घ्यायच्या. मोड आणि पात टाकली न टाकली की उतरवायचं. वर दाण्याचं भरड कूट, बाजूला लिंबाची फोड, कच्चे मोड आणि केळफुलाचा काप.

"शेवया किती वेळ उकळायच्या?" मी माझ्या मोडक्या थाईत विचारलं. पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला घरची आठवण आली. उकळायच्या नसतातच त्या. साध्या पाण्यात भिजत टाकायच्या, वाकतील पण कडकडणार नाहीत इतपतच. बाकीचं पाणी त्यांनी कढईत प्यायचं असतं, आणि ते चिंचेचं असतं. आधीच पोट भरलेली शेवई चव घेत नाही, नुसता चिकटा सोडते.

"किती माणसं?" पांनी विचारलं.

"सहा."

"मग सहा वेळा," पा म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

सगळी मेख इथे होती. हा पदार्थ एका वेळी एका माणसाचा होतो, फार तर दोघांचा. कढई भरली की तिचा ताव जातो, शेवया परतल्या जाण्याऐवजी शिजायला लागतात आणि सहा जणांची मिळून एक खळ तयार होते. आमच्या घरात एका माणसाचं काही करायची पद्धतच नाही. आमच्याकडे अंदाज 'सहा आणि वरून कुणी आलं तर' असा असतो. हे कुणीतरी परदेशातल्या अठराव्या मजल्यावरही येऊ शकतं, यावर सासूबाईंची श्रद्धा आहे.

"घावन नाही का आपण एकेक करत?" सासूबाईंनी बिनतोड मुद्दा काढला. खरं आहे. पण घावनाला सहा सामानं क्रमाने पडत नाहीत, आणि घावन करणारी शेवटी जेवते हे सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेलं असतं. मी अजून तेवढा मुरलेलो नाही.

त्यांना पटावं म्हणून महाचाई रस्त्यावरच्या थिप समाईला घेऊन गेलो. १९६६ पासूनचं दुकान, अंड्याच्या पातळ पदरात गुंडाळलेल्या पॅड थाईसाठी प्रसिद्ध आणि दारात ही रांग. तिथे नेमकं उलटं झालं. भल्यामोठ्या कढईत एकदम बऱ्याच जणांचं परतलं जात होतं. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, फक्त माझ्याकडे वळल्या. पण त्या कढईखाली धडधडता कोळसा होता. आमच्या इमारतीत गॅसच्या टाकीला बंदी आहे. आमच्याकडे विजेची शेगडी आहे. ती लाल होते, पण तिला कशाची घाई नसते.

घरी आल्यावर ओट्यावर सामान मांडलं तेव्हा मावशी हरखल्या. चिंच, गूळ, दाणे, सुकट, मोड, केळफूल! "अगं, हे सगळं आपल्याच फडताळातलं!" नाम प्लाची बाटली त्यांनी उघडून हुंगली आणि क्षणभर डोळे मिटले. ते मासे आणि मीठ पिंपात वर्षभर मुरवून गाळलेलं पाणी असतं. मावशी लग्न होऊन रत्नागिरीला गेल्या आणि मासे खायला लागल्या. माहेरी अजून याचा उल्लेख 'परिस्थिती' असा होतो.

चिंच मुळात आफ्रिकेतली, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला आणि नूडल चिन्यांचे, हे मी सांगितल्यावर सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मग यात थाई काय?"

थाई काय, तर सरकार. फील्ड मार्शल पिबुल १९३८ मध्ये पंतप्रधान झाले, १९३९ मध्ये त्यांनी सयामचं थायलंड केलं आणि मग जनतेला सुधारायला घेतलं. राष्ट्राभिमानाची बारा फर्मानं निघाली. टोपी घाला. कामावर निघताना बायकोचा मुका घ्या, असाही आग्रह होता. (इथे सासूबाईंना आत काहीतरी काम निघालं.) आणि नूडल खा, नूडल विका: पोषण होईल, तांदूळ वाचेल, रोजगार मिळेल. तोवर हा धंदा चिन्यांचा होता. त्याच धामधुमीत चिनी कढईतल्या चिनी नूडलला 'थाई' हे आडनाव लागलं.

"शिवाय पान-सुपारी चघळायला बंदी केली," मी सांगितलं.

सासऱ्यांचा हात नकळत खिशातल्या चंचीकडे गेला. "पान-सुपारीला? हा तर जुलूम झाला."

शेवटी सहा वेळा करायचं ठरलं. पहिली ताटली वडीलधारे म्हणून सासऱ्यांपुढे ठेवली. ते म्हणाले, "आधी मावशींना." मावशी म्हणाल्या, "मला कसली घाई? पोरीला द्या, भूक लागली असेल." आमच्या पोरीने आत मोड आहेत म्हणून ती आईकडे सरकवली, आईने "तू आधी बस ना रे" असं म्हणून माझ्या दिशेने ढकलली, आणि मी कालथा हातात धरून ती परत सासऱ्यांपुढे ठेवली. तोवर शेवयांनी एकमेकींना अशी मिठी मारली होती, की त्यांनी काटा घातला तर अख्खं पॅड थाई उचललं गेलं. पॅड थाई आणि आग्रह एकत्र नांदत नाहीत.

सासूबाईंच्या ताटलीचा मान वेगळा होता. त्यांना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, अंडं आणि मासळी कधीच नाही. माझी काळजी सोयमधल्या पिवळ्या पताकांनी मिटवली. आपल्या शारदीय नवरात्राच्या आगेमागेच इथे चिनी वळणाचा नऊ दिवसांचा 'जे' उत्सव असतो. त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण कांदा, लसूण आणि ती उग्र पातसुद्धा वर्ज्य. पताका लागलेल्या गाडीवर सगळं सासूबाईंच्या नियमात बसतं. "म्हणजे यांना कळतं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं थायलंड पसंत पडलं. त्यांच्यासाठी कढई वेगळी घासली आणि नाम प्लाऐवजी सोया सॉस घातला.

पदार्थ अस्सल थाई चवीचा आहे की नाही, ते तपासून शंभरपैकी गुण देणारं एक यंत्र २०१४ मध्ये इथे सरकारी पाठबळाने तयार झालं होतं. आमच्याकडे सासूबाई होत्या. त्यांनी दोन घास सावकाश चावले. "चिंच आणखी घे. आणि गूळही. भ्यायलास तू," असा निकाल आला. तो बरोबर होता, हे जास्त लागलं. पुढच्या ताटल्या चढत्या क्रमाने चांगल्या होत गेल्या. मावशींनी जास्तीची सुकट मागून घेतली, पोरीची मोडांविना झाली. सहावी, म्हणजे माझी, सगळ्यांत उत्तम उतरली. ती मी ओट्याशी उभ्यानेच खाल्ली, कारण टेबलावर नेली असती तर ती पुन्हा फिरायला निघाली असती.

जेवणं उरकल्यावर सासऱ्यांनी चंची सोडली, अडकित्ता बाहेर काढला आणि थबकले.

"ते तुमचे पंतप्रधान अजून आहेत का?"

"नाही बाबा. १९६४ मध्येच गेले. तेही जपानमध्ये."

"मग हरकत नाही," म्हणत त्यांनी सुपारी कातरायला घेतली.