घोडे शेकड्यांनी, पकड शून्य

2024 सालच्या अगदी शेवटी रेवदंड्याच्या पुळणीत एक फेरारी रुतली. मुंबईहून आलेल्या पर्यटकांनी ती थेट किनाऱ्यावर घातली होती. लोकांनी ढकलून पाहिली, हलेना. मग बैलगाडी आली, दोर बांधला, बैलांनी ती ओढून काढली. व्हिडिओ देशभर फिरला आणि देशभर हशा पिकला. मला त्या हशाचं काही नाही. पण त्या चिमुकल्या चित्रफितीत मोटार चालवण्याचं अख्खं शास्त्र उघडं पडलं होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

गाडी होती कॅलिफोर्निया मालिकेतली. या गाड्यांत आठ सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे आणि सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना. थांबल्या जागेवरून ताशी 100 चा वेग चार सेकंदांच्या आत, कमाल वेग 300 च्या पुढे. हे आकडे खरे आहेत, पण त्यांना एक अट आहे: चाकाखाली कोरडं, सपाट, घट्ट डांबर हवं. टायर आणि जमीन यांची गाठ पडते ती जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. चार चाकं, चार तळहात. इंजिनाचा जोर, ब्रेकची ताकद, वळणावरचा ताबा, सगळं त्या चार तुकड्यांतून जायचं. ते तुकडे निसटले की बाकीची कोट्यवधींची यंत्रसामग्री नुसती जागच्या जागी आवाज करते.

पुळणीत नेमकं तेच होतं. चाक फिरलं की खालची वाळू मागे सरकते, म्हणजे चाक पुढे जात नाही, खड्डा खणतं. घाबरून अॅक्सिलरेटर आणखी दाबला की खड्डा आणखी खोल. अशा गाड्यांचं पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर. ते एकदा वाळूवर टेकलं की वजन पोटावर येतं, चाकांवर राहतच नाही. वजन नाही तर पकड नाही. वाळवंटातल्या रॅलीचे चालक टायरमधली हवा जवळजवळ निम्म्यावर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. फेरारीच्या टायरची बाजूची भिंत इतकी बुटकी, की तिथे हवा काढायला वाव फार थोडा. बैलाचं पाऊल मात्र दुभंगलेलं. खूर टेकला की फाकतो, वाळू त्याच्याखाली दाबली जाते. त्याला वेग नको असतो, तो सावकाश, एकसारखा ओढतो. रुतलेल्या गाडीला हवा असतो तो हाच जोर.

यावर कुणी म्हणेल, किनाऱ्यावर शर्यती होतच नव्हत्या का? होत होत्या. माल्कम कॅम्पबेल या इंग्रज चालकाने 1924 साली वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर ताशी 235 किलोमीटरचा विक्रम केला, आणि मार्च 1935 मध्ये अमेरिकेतल्या डेटोना किनाऱ्यावर 445 चा. पण डेटोनाच्या वाळूतल्या उंचवट्यांवर त्याची मोटार उडत होती, चाकं हवेत नुसती गरगरत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने समुद्र सोडला, बॉनेव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर गेला आणि 484 गाठले. पेंडाइनवर 1927 साली पॅरी-थॉमस हा चालक याच विक्रमाच्या नादात मेला. जगातल्या सर्वात वेगवान माणसाने नव्वद वर्षांपूर्वी वाळूला रामराम ठोकला. आपण आता तिथे निघालो आहोत.

अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यांवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. मधली काही वर्षं त्या कोर्टाच्या बंदीत अडकल्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, मे 2023 मध्ये शिक्कामोर्तब केलं. या शर्यती सुकतीला होतात, आणि त्यामागे कारण आहे. ओहोटीने नुकत्याच उघड्या पडलेल्या ओलसर पट्ट्यात वाळूच्या कणांना पाणी धरून ठेवतं, म्हणून तो टणक असतो. वरची कोरडी पुळण भुसभुशीत, पाण्याच्या अगदी कडेची पाण्याने भरलेली आणि दगाबाज. गाडीवानाच्या पायांना हे कळतं. मोटारीतल्या माणसाला काचेतून तिन्ही पट्टे सारखेच दिसतात. गाडी सांभाळणं म्हणजे जमीन वाचणं, आणि रायगडच्या किनाऱ्यावर ते जाणणारी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांना विचारायला दोन मिनिटं लागतात.

आता रस्त्याचं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला आणि 21.8 किलोमीटर बराचसा सरळ, गुळगुळीत रस्ता महागड्या मोटारी पळवणाऱ्यांच्या हाती आला. मर्यादा ताशी 100. ती मोडणाऱ्याला वाटतं आपल्याला गाडी येते. सरळ रेषेत पाय दाबायला काहीच यावं लागत नाही. गाडी कळते ती वळणावर: ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढचे टायर घट्ट होतात, मागचे हलके पडतात आणि त्या क्षणी स्टिअरिंग जरा जास्त फिरलं तर मागची बाजू सुटते. एका टायरची पकड ठराविक असते. ती तुम्ही थांबायला वापरा किंवा वळायला. दोन्हींसाठी एकदम पुरी पुरी मागितलीत तर दोन्हीही मिळत नाही. हे शिकायला चुकायची मोकळीक लागते. सेतूवर ती नाही. शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी कुटुंब असतं.

आणि सेतू संपला की चिर्ल्याला उतरून पुढे खरा रायगड सुरू होतो. ज्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू होऊन दशकभर रखडलं तो महामार्ग, वडखळवरून अलिबागकडे वळणारा रस्ता, कार्लेखिंड, मग आक्षी-नागाव-चौलच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट. वळणावर सांडलेली खडी, पहिल्या सरीनंतर साबणासारखं निसरडं झालेलं काँक्रीट, शाळेतून सुटलेली पोरं. भारतीय मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ पावणेचार मीटर रुंद असावा. गावोगावी घातलेले गतिरोधक हे मानक कुठे पाळतात? रेसिंगसाठी कडक केलेलं सस्पेन्शन इथे चाकाला जमिनीवर राहू देत नाही, उडवतं. फेरारीच्या कित्येक मॉडेलांत स्टिअरिंगवर खडबडीत रस्त्यासाठी सस्पेन्शन मऊ करायचं बटण असतं, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की ट्रॅकवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी हे दोन वेगळे प्राणी आहेत. या रस्त्यावर साधी सहा-सात लाखांची हॅचबॅक फेरारीपेक्षा बरी चालते. तिला जमीन दिसते, हिला लागते.

मला अशा गाड्या मनापासून आवडतात. म्हणून सांगतो, त्यांची लाज काढू नका. ज्याला परवडते त्याने ती ट्रेलरवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्यावी, कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला न्यावी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला न्यावी. तिथे 5.125 किलोमीटरच्या फेरीत किलोमीटरभराची सरळ पट्टी आहे. सगळे एकाच दिशेने जातात, चुकलात तर निसटायला मोकळी जागा आहे, झेंडेवाले आहेत, रुग्णवाहिका उभी आहे. टायर तापले, ब्रेक तापले की मग ती गाडी जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

पुळण मात्र कुणाचा ट्रॅक नव्हे. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि ती घालतात थंडीत, म्हणजे ऐन पर्यटकांच्या मोसमात. घरटं वाळूत फूट-दीड फूट खाली असतं. वरून गाडी गेली की वाळू दबते. पिल्लं बाहेर पडलीच तर टायरच्या चाकोरीत अडकतात, समुद्रापर्यंत पोचत नाहीत. किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांबद्दल वेगळं सांगायला नको. मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमानुसार सरकारी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाच्या चाचण्या आणि शर्यती हा गुन्हा आहे. पण रुतल्यावर गुन्हा नोंदवून वाळू पूर्ववत होत नाही. रेवदंडा, नागाव, काशीद, दिवेआगर: जिथे जिथे मोटार पुळणीत उतरू शकते तिथे लोखंडी फाटक बसवा, किल्ली ग्रामपंचायतीकडे ठेवा, होडीचं सामान नेणाऱ्या कोळ्याला आणि गाडीवानाला ते उघडून द्या. बाकीच्यांची गाडी, ती कितीही कोटींची असो, फाटकाबाहेर.