कलम 63 आणि शुभेच्छुक

अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं तर नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा द्यावी लागते. 2025च्या ऑक्टोबरपासून ती आणखी अवघड झाली. 128 प्रश्न घोटायचे, त्यातले 20 विचारणार, 12 बरोबर आले की पास. राज्यघटना कशासाठी, कायद्याचं राज्य म्हणजे काय, असले प्रश्न. जन्माने अमेरिकन असलेल्यांना ही परीक्षा नाही. त्यामुळे ही उत्तरं तिकडे बहुधा आपल्या न्यू जर्सीवाल्यांनाच तोंडपाठ असतील.

उत्तरं तशी सोपी आहेत. 1787 साली फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींनी प्रस्तावनेतच सरकारची सहा कामं सांगून टाकली: राज्यांची एकी, न्याय, देशात शांतता, संरक्षण, सर्वांचं भलं आणि स्वातंत्र्य. एका वाक्यात विषय संपला.

आमच्या टिटवाळ्याला एवढ्यावर भागत नाही. इथे सरकार म्हणजे रोजच्या व्यवहारात कल्याण-डोंबिवली महापालिका, आणि तिची कामं 1949च्या महापालिका अधिनियमात लिहिलेली आहेत. कलम 63मध्ये बंधनकारक कामं, कलम 66मध्ये ऐच्छिक. बंधनकारक यादीतलं पहिलंच काम कोणतं? पाणी नाही, गटार नाही. शहराच्या हद्दीच्या पक्क्या खुणा उभारणं! आता ज्या महापालिकेतून 27 गावं 2002 साली बाहेर गेली, 2015 साली परत आली, त्यातली 18 पुन्हा 2020 साली वगळली गेली आणि हायकोर्टाने तो निर्णयही रद्द केला, तिने हद्दीचे दगड चाकांवरच बसवायला हवे होते.

पुढे यादीत रस्त्यावरचे दिवे आहेत, झाडलोट आहे, गटारं, पाणी, आग विझवणं, मृतांची व्यवस्था आहे. रस्त्यांना नावं देणंसुद्धा बंधनकारक आहे. या एका कर्तव्यात मात्र आपल्याकडे कुणी कसूर केल्याचं ऐकिवात नाही. रस्ता नंतर होतो, कमान आधी उभी राहते. उद्यानं, पोहण्याचे तलाव, खेळांचे सामने ही कामं ऐच्छिक यादीत. जमलं तर करा.

राजकारण ही यादी उलट बाजूने वाचतं. सामने आधी. गल्लीगल्लीत कुणाचा ना कुणाचा चषक, त्यात टेनिस बॉल, फ्लडलाइट, विजेत्याला मोटारसायकल. मैदानावर झगझगाट, मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर अंधार. आणि कलम 63मधलं एखादं काम चुकून झालंच, तर ते आपल्यावर उपकार म्हणून होतं. इथल्याच मांडा भागातल्या एका गल्लीत गटारावर नवी झाकणं पडली. झाकणं असतील चार-पाच, एकाचा कोपरा बसवतानाच उडालेला. वरचा फलक मात्र आख्ख्या गल्लीला सावली देईल एवढा. मधोमध हात जोडलेले साहेब, खाली पासपोर्ट आकाराचे वीसेक शुभेच्छुक, त्यातला एक पाळण्यातला. पैसे कुणाचे? गल्लीतल्यांनीच भरलेल्या घरपट्टीचे. आभार कुणाचे? साहेबांचे. अंगारकीला महागणपतीच्या रांगेत तास-दोन तास उभं राहायची इथल्या माणसाला सवय आहे, पण तिथे निदान प्रसाद देणारा फोटो लावून घेत नाही.

उपकाराचं हे राजकारण काही टिटवाळ्याने शोधून काढलेलं नाही. पाठ्यपुस्तकात येत नाही ते अमेरिकन राजकारण एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये असंच चालायचं. टॅमनी हॉल नावाची डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना बोटीतून उतरलेल्या आयरिश माणसाला काम मिळवून द्यायची, हिवाळ्यात कोळसा पुरवायची, सणाला टर्की पोचवायची आणि मतदानादिवशी हिशेब मागायची. घटनेच्या सहा उद्देशांपैकी एकही त्या माणसाच्या दारात आला नव्हता, वॉर्डातला दादा आला होता. फरक इतकाच, की तिथला मोठा दादा बॉस ट्वीड 1873 साली दोषी ठरला आणि 1878 साली तुरुंगातच मेला. आपल्याकडे असा माणूस फार तर पक्ष बदलतो.

2025 साली अमेरिकेचं सरकार 43 दिवस बंद होतं. खर्चाचा ठराव अडला, लाखो कर्मचारी बिनपगारी, जगभर बातमी. कल्याण-डोंबिवलीचं लोकनियुक्त सभागृह 2020च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षं बंद होतं. राज्यघटनेच्या 243-यू कलमाप्रमाणे मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. इथे आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात पाच वर्षं प्रशासकावर गेली, सर्वोच्च न्यायालयाने दटावलं तेव्हा 2026च्या 15 जानेवारीला मतदान लागलं. तेही सगळीकडे नाही, काही जागा आधीच बिनविरोध. त्या पाच वर्षांत माजी नगरसेवकांचे फलक मात्र एक दिवसही खाली उतरले नाहीत. पद गेलं तरी राजकारण चालू राहतं, हे तेव्हा कळलं.

आणि कायद्याचं राज्य? नागरिकत्वाच्या परीक्षेतलं उत्तर असं, की कायदा सर्वांनी पाळायचा, त्याच्या वर कुणी नाही. टिटवाळा, मांडा, बल्याणी भागात चाळीची जोती तोडल्याची बातमी अधूनमधून येते, शेजारच्या जोत्यावर तोवर भिंती चढलेल्या असतात. खोली घेणारा बँकेतून नव्हे, गावची जमीन नाहीतर बायकोचे दागिने विकून पैसे आणतो. त्याला वीज मिळते, घरपट्टीही लागते, वर कधी बेकायदा म्हणून शास्तीही. पावती हातात असली तरी घर बेकायदाच. म्हणजे कर घेताना सरकार त्याला ओळखतं, जेसीबी आणताना ओळखत नाही. डोंबिवली पट्ट्यातल्या 65 इमारतींनी तर बनावट परवानग्यांवर महारेरा या गृहनिर्माण नियामकाचा नोंदणी क्रमांकही मिळवला होता. 2024च्या नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. मग पुढारी रहिवाशांच्या पाठीशी उभे राहिले. मजले चढत होते तेव्हा हेच पुढारी कुठे उभे होते, ते त्या सोसायट्यांच्या उद्घाटनाचे फोटो असतील तर त्यात पाहावं.

नवे नगरसेवक निवडून आलेत, मुदत पाच वर्षांची आहे. आमच्याकडून एकच विनंती. दिवे लावा, गटारं उपसा, नळाला पाणी सोडा, पण आभाराचा फलक नको. आम्ही त्याचे पैसे भरलेले आहेत.