मामलेदार झोपलेत

सांताक्रूझ पूर्वेला, विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं अर्धी वाक्यं बोलतात. उरलेलं अर्धं विमान गेल्यावर. नव्या पाहुण्यांना वाटतं, किती विचार करून बोलतात ही मंडळी! विचारबिचार काही नाही, डोक्यावरून दुबईचं विमान जात असतं. विमान नसेल तेव्हा हायवेचे हॉर्न, हॉर्न थांबले तर शेजारच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं ड्रिल, आणि ड्रिलवाले जेवायला गेले की वरच्या मजल्यावरचा मिक्सर. अशा या घरात गाढ झोपण्याची कला एकालाच साधली आहे. आमच्या बोक्याला.

त्याचं नाव मामलेदार. हे नाव का पडलं ते त्याला पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खुर्ची सोडायची नाही, समोर आलेल्याकडे अर्ध्या डोळ्यानं बघायचं, आणि काम अंगावर येतंय असं दिसलं की पाय पोटाखाली घेऊन बसायचं. नात्यातल्यांचे फोन आले की आधी त्याचीच चौकशी होते आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘मामलेदार झोपलेत.’

धडधाकट मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. पिल्लं आणि म्हातारी मांजरं वीस तासांपर्यंतही जातात. मांजर जातीनं शिकारी. दबा धरायचा, एकदाच झेप घ्यायची आणि त्या एका झेपेसाठी उरलेला दिवस ताकद राखून ठेवायची, हा तिचा पिढीजात हिशेब. तिची कामाची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. आमच्याकडे शिकार ताटलीत वाढून येते, पण म्हणून मामलेदारांनी झोपेच्या रजेत कपात केलेली नाही.

या झोपेतली बरीचशी झोप नुसती डुलकी असते. डोळे मिटलेले, पण कान ड्युटीवर. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. सवयीचं विमान गेलं तर कान हलत नाही, मात्र ओट्यावर कात्रीनं दुधाची पिशवी कापली की डावा कान तेवढा तिकडे वळतो. डुलकीची काळजी कुणी करत नाही. काळजी सुरू होते ती त्याच्यापुढच्या झोपेत.

एका रविवारी अकराच्या सुमाराला सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, ‘ह्यो बोको हलणा नाय गो!’ आम्ही सगळे धावलो. मामलेदार दिवाणावर आडवे. मान दिवाणाच्या कडेवरून खाली लोंबलेली. पापण्या पुरत्या मिटलेल्या नाहीत, फटीतून पांढुरका पडदा दिसतोय. चिरंजीवांनी पुढचा पंजा उचलला आणि सोडला. पंजा धप्पदिशी पडला. दुसरा उचलला, तोही पडला. सासूबाईंनी देवघरातून फुलवात आणली आणि त्याच्या नाकापुढे धरली. वात हलली, पण ती श्वासानं हलली की पंख्यानं, यावर दोन मतं पडली. पंखा बंद केला, तर वात हलतेय ती सासूबाईंच्या हातानं, असं चिरंजीव म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मोटरमन काका आरडाओरडा ऐकून खाली आले होते. त्यांनी बोक्याच्या कानाशी टाळी वाजवली आणि निदान जाहीर केलं, ‘बहिरा आहे.’ आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘झोपू द्या की त्याला. या घरात एकाला तरी झोप लागू दे.’

तेवढ्यात मिशा थरथरल्या. मग मागच्या पंजाची नखं दोनदा आत-बाहेर झाली. सासूबाईंनी ‘आचके’ हा शब्द उच्चारला आणि घरात रडारड व्हायची तेवढी बाकी राहिली. आणि तेव्हाच जिन्यातून खार दांड्याच्या कोळीणमावशींची हाक आली, ‘म्हावराऽऽ!’ मामलेदारांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पाठीची कमान केली, पुढचे पाय लांब ताणले, आमच्या गर्दीतून वाट काढली आणि दारात जाऊन बसले. मावशींनी पाटी उतरवली, त्याच्यापुढे एक मांदेली टाकली आणि आमचे चेहरे बघून विचारलं, ‘काय गो बाय, कोन गेला काय?’

मला पुढे जे कळलं त्यानुसार, आम्ही जे आचके समजत होतो ते स्वप्न होतं. गंमत म्हणजे माणसाच्या झोपेबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं मांजरांकडून शिकलेलं आहे. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या मिशेल जुवे या संशोधकानं १९५९ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की गाढ झोपेत एक टप्पा असा येतो ज्यात मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो, बुबुळं पापण्यांआड भराभर फिरत असतात, आणि अंगाचे स्नायू मात्र पार सैल पडतात. आतून जागं, बाहेरून लुळं. जुवेनं या टप्प्याला विरोधाभासी झोप म्हटलं. स्नायूंना असं कुलूप लावणारा भाग मेंदूच्या तळाशी असतो. तो निकामी केला तेव्हा प्रयोगातली मांजरं झोपेतच उठली आणि नसलेल्या उंदरांवर दबा धरू लागली. म्हणजे पंजा धप्पदिशी पडतो, मान लोंबते ती कुलूप शाबूत असल्याची खूण आहे. मला तर ही निसर्गाची आमच्यावर कृपाच वाटते. मामलेदारांना स्वप्नात काय काय दिसतं याची नोंद नाही, पण ते सगळं पहाटे तीनला दिवाणखान्यात प्रत्यक्ष घडलं असतं, तर काचेच्या कपाटाचं काय झालं असतं?

कुशीचंही संशोधन झालेलं आहे. २०२५ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध आला. संशोधकांनी मांजरांच्या झोपेचे ४०८ व्हिडिओ तपासले आणि त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश मांजरं डाव्या कुशीवर झोपलेली आढळली. त्यांचा तर्क असा, की त्या कुशीवरून जाग आली की समोरचा धोका मेंदूचा उजवा भाग पटकन हेरतो. तर्क काही असो, वामकुक्षीचा मान पुण्यानं एकट्यानं घ्यायचं कारण उरलं नाही.

लसीच्या निमित्तानं मी आमच्या भागातल्या पशुवैद्य बाईंकडे गेले, तेव्हा हा सगळा प्रकार त्यांना सांगितला. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘किती गाढ झोपतो ते राहू दे. उठल्यावर काय करतो ते सांग.’ उठतो, आळस देतो, खातो, वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन येतो, अंग चाटतो, मग माझ्या लॅपटॉपवर बसतो. ‘मग छान आहे की,’ त्या म्हणाल्या. झोप कितीही गाढ असो, हाकेनं, स्पर्शानं किंवा खाण्याच्या वासानं मांजर जागं झालं आणि जागं झाल्यावर नेहमीसारखं वागलं, तर ती झोपच. बरं नसलेलं मांजर झोपतं असं नाही, ते पडून राहतं. डोळे उघडे, पण कशातच रस नाही. नेहमीची जागा सोडून कॉटखाली, कपाटामागे जाऊन बसतं. हाक मारली तर बघतं, उठत नाही. उठलंच तर झोकांड्या खातं. जागेपणीही तो पांढुरका पडदा डोळ्यावर तसाच राहतो. चोवीस तास अन्नाला तोंड लावत नाही. यातलं काही दिसलं की मावशींच्या हाकेची वाट बघत बसायचं नाही. मामलेदारांसारख्या वजनदार मांजरांच्या बाबतीत तर उपास मुळीच चालत नाही. पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृतच बसतं.

काकांचं बहिरेपणाचं निदान आमच्या घरी टिकलं नाही, पण ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं. वय झालेल्या मांजराला ऐकू कमी येतं आणि मग ती गाढ झोपल्यासारखी वाटते. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरं पुष्कळदा जन्मानंच बहिरी असतात, निळ्या डोळ्यांचा आणि बहिरेपणाचा संबंध डार्विननंही १८५९च्या त्याच्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. अशा मांजराला अचानक हात लावू नये, दचकून ओरबाडते. शेजारी गादीवर हलकेच थोपटावं, हादऱ्यानं ती उठते.

बाईंनी आणखी एक काम लावून दिलं, श्वास मोजण्याचं. झोपलेल्या मांजराची बरगडी एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटभर मोजायचं. निरोगी मांजराचे साधारण पंधरा ते तीस भरतात. मिशा थरथरत असताना, गुरगुर चालू असताना किंवा नुकतंच खेळून पडलेलं असताना मोजू नये, आकडा फसवतो. शांत झोपेतही तो पुन्हापुन्हा तीसच्या वर जात असेल, तर हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं आत सुरू झालेलं असू शकतं. मांजर ते शेवटपर्यंत लपवते, पण झोपेतला श्वास तिला लपवता येत नाही. मी मोजले, बावीस भरले. त्याच बैठकीत आमच्या ह्यांचेही मोजले, चौदा भरले. त्यांच्या आवाजाचं मोजमाप मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

मोजमाप हे तर आमच्या सांताक्रूझचं घराणं आहे. पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके’ अशी जोडी रोज येते. २६ जुलै २००५चा तो चोवीस तासांतला ९४४ मिलिमीटरचा आकडा सांताक्रूझच्याच वेधशाळेतला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा भरले नव्हते. शहर एक, आभाळ एक आणि आकडे असे! कुलाब्याचा पाऊस बघून सांताक्रूझची छत्री ठरवता येत नाही, तसं शेजारणीच्या मांजरावरून आपल्या मांजराची तब्येत ठरवता येत नाही. तिची मनी बारा तास झोपते आणि आमचा बोका सोळा, यात काळजीचं काही नाही. आमचाच बोका सोळाचा विसावर गेला किंवा पहाटे ताटलीपाशी बोंबलायचा अचानक थांबला, तर काळजी. शिवाय बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तोंड उघडून धापा टाकतोय किंवा हिरड्या पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या दिसताहेत, तर काळजी करण्याइतकाही वेळ नसतो. थेट दवाखाना गाठायचा.

पावसात सोसायटीतल्या गाड्यांखाली भिजलेली पिल्लं सापडतात, त्यांचं शास्त्र आणखी वेगळं. पिल्लू गार आणि लुळं लागलं तर ती झोप नसते. मुलं लगेच वाटीत दूध घेऊन धावतात, पण गार पडलेल्या पिल्लाला ते पचत नाही आणि घशाऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी कोरडं करून ऊब द्यायची, मग डॉक्टर, मग खाणं.

रात्री-अपरात्री सगळं बंद असलं की कुणीतरी परळचं नाव काढतंच. तिथलं बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ १८८०च्या दशकातलं, पण जुन्या मुंबईकराला ते बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ठाऊक. बोक्याला टोपलीत घालून ‘बैलघोडा’ म्हटल्यावर रिक्षावाला आधी टोपलीकडे बघतो, मग आपल्याकडे. शिवाय रिक्षा वांद्र्यापर्यंतच, पुढे टॅक्सी. तेव्हा घराजवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या एखाद्या दवाखान्याचा नंबर मांजर ठणठणीत असतानाच लिहून ठेवलेला बरा.

आता तुम्हाला दोन विनंत्या, दोन्ही बिनखर्चाच्या. पहिली, मांजराचे कान गरम लागले म्हणून घरातली पॅरासिटामॉल तिला देऊ नका. १०१ फॅरनहाइट हा आपला ताप, तिचं ते रोजचं तापमान. आणि ती गोळी पचवून बाहेर टाकायची सोय तिच्या यकृतात नाही, एका गोळीनंसुद्धा जीव जाऊ शकतो. दुसरी, आज रात्री ती शांत झोपली की घड्याळ लावून तिचे श्वास मोजा आणि कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी तो आकडा टिपून ठेवा. उद्या कधी शंका आली तर डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील.