गालांच्या मालकीहक्काचा प्रश्न

लातूर जिल्ह्यात एखाद्याचं बरं चाललंय की नाही हे सातबाऱ्यावरून ठरत नाही, गालांवरून ठरतं. त्यातून माणूस बाई असेल, तिचं माहेर लातूर आणि सासर नांदेड असेल, तर गाल दोन घरांच्या सामाईक मालकीचे. माहेरी गेलं की आई पाणी नंतर देते, आधी गाल चाचपते. अंगठा एका गालावर, दोन बोटं दुसऱ्या गालावर, बाजारात वांगं दाबून बघावं तशी. "बारीक झालीस गं. खायला घालायलेत का न्हाई?" चार दिवसांनी नांदेडला परतलं की सासूबाई चष्मा पुसून बघणार. "गालफडं बसवून पाठवलं की माहेरच्यांनी!" लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावर माझे गाल जातानाही उतरतात आणि येतानाही. प्रत्यक्षात ते वर्षागणिक वाढतच चाललेत, हे दोन्ही घरांत कुणाला दिसत नाही.

दिसलं ते पुण्यातल्या मुलाला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मम्मी, फोन जरा लांब धर, पूर्ण चेहरा येईना."

त्याचं हे बोलणं फोननंही ऐकलं असावं. कारण त्या दिवसापासून मला गाल कमी करण्याचे रील्स दिसायला लागले. डावीकडे शस्त्रक्रियेपूर्वीची बाई, उजवीकडे नंतरची. नंतरच्या फोटोत तिनं केस धुतलेले, लिपस्टिक लावलेली आणि नवऱ्याशी भांडण मिटलेलं. क्रिसी टेगन नावाच्या अमेरिकन मॉडेलनं 2021 मध्ये आपण गालातली चरबी काढून घेतल्याचं जाहीर सांगून टाकलं होतं, हेही मला त्या फोननंच कळवलं. आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तोंडावर आलेला. मी आरशासमोर गाल आत ओढून उभी राहायला लागले. तसं केलं की मी अगदी मला हवी तशी दिसते, फक्त बोलता येत नाही. आमचे हे म्हणाले, "छान दिसायलीस. अशीच राहत जा."

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे हौस करायची तीही अभ्यास करून. गालाच्या आत, चावण्याच्या स्नायूच्या पुढे, चरबीचा एक गोळा असतो. प्रत्येक बाजूला साधारण दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. लोरेन्झ हाइस्टर नावाच्या जर्मन शल्यतज्ज्ञानं 1732 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण त्याला ती ग्रंथी वाटली. ती ग्रंथी नसून निव्वळ चरबी आहे हे पुढे फ्रान्सच्या बिशा या शरीरशास्त्रज्ञानं दाखवलं, म्हणून तिला बिशाचं नाव मिळालं. तो बिचारा 1802 मध्ये तिशीतच गेला. त्याचे स्वतःचे गाल ओघळायची वेळच आली नाही. हा गोळा तान्ह्या बाळात ठसठशीत असतो. दूध ओढताना गाल आत जाऊ नयेत म्हणून ही सोय, असं मानतात. आणि बाकी अंग उतरलं तरी हा सहसा उतरत नाही. संध्याकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालून माझ्या चपला झिजल्या आणि गाल मात्र जागच्या जागी राहिले, त्याचा खुलासा मला इथे मिळाला.

आता विषय गालाचा आहे हे मला माहीत आहे, पण नाकाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. स्टाफरूममध्ये हा विषय मी काढला की लोकांना एकदम तास आठवतात. वाचकांना कुठे जाता येतंय?

टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस पकडला गेला आणि टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य वगैरे नव्हे, विटा पाडणाऱ्या जातीतला. त्यानं आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांच्या मधे चिमूटभर जोड शाबूत ठेवून, खाली वळवली. सांधा पक्का करायला काय लावलं? कात! आपण पानाला लावतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर फासला. चार दिवस तेवढंच. मग तुपात भिजवलेल्या घड्या. चुना आणि सुपारी तेवढी राहिली, नाहीतर विडाच झाला असता. पेशंट पाच-सहा दिवस उताणा, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी मधला जोड कापला की नाक स्वतंत्र. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात ही हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरनं प्रेतांवर हात बसवला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीनं जिवंत माणसाचं नाक केलं. त्या हकिकतीत कावसजीचं नाव आहे, पण नाक करणाऱ्याची नुसती जात आहे. मला याचा इतका राग येतो की दरवर्षी त्वचेचा धडा शिकवताना मी हे पुराण लावते. अभ्यासक्रमात ते नाही. मुलं घड्याळ बघतात.

तर मुद्दा गालाचा. सुश्रुतानं त्याच्याही कितीतरी आधी नाकासाठी कातडी घ्यायला सांगितली ती गालातून. झाडाचं पान नाकाच्या मापाचं कापायचं आणि त्या मापानं गालाची कातडी उचलायची. कानाची पाळी तुटली तरी मदतीला गालच. गाल हा असा अडीअडचणीला देणारा अवयव. त्याच्यातून काही काढायचं तर ते कुणाला तरी द्यायला. नुसतं काढून टाकायचं ही कल्पना आमच्या पिढीची.

तरी मी गेले. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, ओढणीनं तोंड गुंडाळून, गुन्हेगाराला कोर्टात नेतात तशी. आत डॉक्टर म्हणून बसला होता तो माझाच जुना विद्यार्थी. "मॅडम, तुम्ही?" म्हणत उभा राहिला. मी म्हटलं, "मैत्रिणीसाठी विचारायला आलेय." "मग त्यांचे गाल बघावे लागतील," असं म्हणून त्यानं माझेच गाल दिव्याखाली धरले.

तोंडाच्या आतून छोटी चीर, भूल तेवढ्यापुरतीच, वरून व्रण नाही, काही दिवस पातळ खायचं, हे त्यानं सांगितलं. त्वचेवर लिहायच्या पेन्सिलीनं कानापासून ओठाकडे रेघ ओढली. "ही पॅरोटिड ग्रंथीची नळी. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. हिला जपावं लागतं, शिवाय चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या असतात." बारावीत हीच नळी त्यानं जिभेखाली काढून ठेवली होती आणि मी पूर्ण मार्क कापले होते. माझ्याच गालावर त्यानं ती अचूक काढली. मला भरून आलं.

मग तो हळूच म्हणाला, "मैत्रिणीला सांगा, करू नका. एकदा काढलेली चरबी परत येत नाही. वयानं चेहरा आपोआप उतरायलाच लागतो, मग गालफडं आत जातात. आणि खरं सांगू का, त्यांची अडचण चरबी नाहीय. त्वचा सैल पडायलीय." शेवटच्या वाक्याला मी त्याचे पुन्हा मार्क कापले.

लातूरला गेल्यावर आईला हे सांगायची गरज नव्हती, पण गाल चाचपून झाल्यावर माझ्या तोंडून 'प्लास्टिक सर्जरी' निघून गेलं. आई ताडकन म्हणाली, "अगं माय! कुणाच्या लेकराचा ओठ फाटलाय?" तिचं बरोबरच होतं. लातूरला प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना डॉ. विठ्ठल लहाने आठवतात. फाटलेल्या ओठांच्या हजारो मुलांची त्यांनी मोफत ऑपरेशनं केलीत. आमच्याकडे ही गोष्ट पोराला दूध ओढता यावं, बोलता यावं, शाळेत कुणी चिडवू नये म्हणून करतात. मी म्हटलं, लेकराचा नाही, माझे गाल कमी करायचे होते. आईला आधी ते कळेना. मग कळलं तेव्हा तिनं भिंतीवरचा लग्नातला फोटो काढून पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

त्या फोटोत आईचा उजवा गाल फुगलेला आहे. लहानपणापासून आम्ही भावंडं समजत होतो की लग्नात तिची दाढ दुखत होती. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो आम्ही, सुकडीवर. फुडच्या साली लगीन. फोटोवाला म्हणला, नवरी लई वाळलेली दिसायलीय, गालात कायतरी धर. काकूनं गुळाचे दोन खडे दिले. त्याचं काळं फडकं अन् मिशीन हुस्तोवर डावीकडचा इरघळला."

आई हसत होती. मला हसता येईना. एका फोटोपुरतं पोट भरलेलं दिसावं म्हणून तिला जे उसनं आणावं लागलं, ते घरबसल्या मिळालेलं मी पैसे मोजून काढायला निघाले होते. हा नुसता माझा बावळटपणा असता तर गोष्ट वेगळी. पण भुकेनं बसलेले गाल दिसले की आपण मान वळवतो आणि पैसे देऊन बसवलेले दिसले की डॉक्टरचा नंबर विचारतो, ही आपल्या सगळ्यांची सौंदर्यदृष्टी आहे, आणि तिच्यावर कुठल्याही लेनमध्ये इलाज नाही.

गालांचा विषय त्या दिवशी मिटला. पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोत ते जसेच्या तसे आलेत, फोन लांब धरून काढल्यामुळे पूर्ण आलेत. आईनं फोटो मोठा करून बघितला आणि "आता जरा बरी दिसायलीस" असा शेरा दिला. सासूबाईंनी ते श्रेय ताबडतोब नांदेडच्या खात्यावर जमा करून घेतलं. दोन्ही मालक समाधानी आहेत. हनुवटीवर मात्र अजून कुणी हक्क सांगितलेला नाही. तिच्याखालच्या त्या दुसऱ्या हनुवटीवर तर नाहीच. तेव्हा पुढच्या आठवड्यात मैत्रिणीसाठी म्हणून पुन्हा एकदा विचारून यायला काय हरकत आहे?