भाड्याने राहतो, गुन्हा नाही केला

लग्नाच्या बोलणीत हल्ली एक प्रश्न पगाराच्याही आधी येतो. ‘मुलाचा पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का?’ मुलगा अठ्ठावीस-तिशीचा, नोकरी अजून धड रुळलेली नाही, उद्या बंगळुरू की हैदराबाद याचा पत्ता नाही. पण उत्तर ‘नाही’ आलं की समोरचे ‘कळवतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. मग मुलाचे वडील पीएफ मोडतात, गावाकडची जमीन काढतात आणि पुनावळ्यात नाहीतर मोशीत बाराव्या मजल्यावर टूबीएचके बुक होतो. मुलींच्या वडिलांना माझं एकच सांगणं आहे. जो फ्लॅट बघून तुम्ही होकार देताय, त्याच्या हप्त्यात तुमच्या मुलीचाही पगार जाणार आहे, वीस वर्षं. तिला आधी विचारा.

पहिलं घर घ्यायचं की भाड्याने राहायचं, हा निर्णय आपल्याकडे राहणारी माणसं सोडून बाकी सगळे घेतात. सासरे, मामा, ऑफिसातला फ्लॅटवाला सहकारी, सोसायटीतल्या काकू. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात.’

तपासून बघू. ८० लाखांचा फ्लॅट धरा आणि तशाच फ्लॅटचं भाडं २५ हजार. बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देणार. आठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता बसतो साधारण साडेत्रेपन्न हजार. पहिल्या हप्त्यातले ४२ हजार ६०० रुपये निव्वळ व्याज, मुद्दल फिटतं अकरा हजारांच्या आत. भाड्याचे २५ हजार पाण्यात गेले म्हणता, मग व्याजाचे साडेबेचाळीस हजार कुठे गेले? मुदत पुरी होईपर्यंत ६४ लाखांच्या कर्जावर ६४ लाखांहून थोडं जास्तच व्याज भरून होतं.

‘पण भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता तोच राहतो.’ वाढतं, खरं आहे. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तरी २५ हजारांचं भाडं साडेत्रेपन्न हजारांवर पोचायला पंधरा-सोळा वर्षं लागतात. आणि हप्ता तोच राहतो, हे कुणी सांगितलं? ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. अनेकांचा हप्ता बदलला नाही, पण फेडीची वर्षं वाढली आणि ते त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा.

भाडेकरूंनीही लगेच खूश होऊ नये. हप्ता आणि भाडं यांतला साडेअठ्ठावीस हजारांचा फरक दर महिन्याला बाजूला पडत असेल, तरच हे गणित तुमच्या बाजूचं. तो नव्या गाडीत आणि हॉटेलांत जात असेल, तर वीस वर्षांनी हाती ना घर ना पैसा. हप्त्याची एक गोष्ट मी मानतो. तो बचत करायला भाग पाडतो. ज्याला स्वतःहून बचत जमत नाही, त्याने हप्त्याच्या शिस्तीत गेलेलं बरं.

आता सेल्स ऑफिस. भाचीबरोबर आणि तिच्या नवऱ्याबरोबर एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो. बेडरूमला दारच लावलेलं नव्हतं, कपाटाच्या जागी आरसा. भाचीने पर्समधून टेप काढून पलंग मोजला, लांबी साडेपाच फूट भरली. तिचा नवरा सहा फुटी. तो खऱ्या पलंगावर झोपला, तर त्या खोलीत कपाटाचं दार उघडणार नाही. खाली टेबलावर कॉस्ट शीट आली. वर ठळक अक्षरात ८० लाख, त्याखाली बारीक टायपात बाकीचं. बांधकाम चालू असल्यामुळे पाच टक्के जीएसटी, म्हणजे चार लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पाच लाख ६० हजार. (घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. हे सेल्सच्या मुलाने सांगितलं नाही, आम्ही विचारलं.) नोंदणी ३० हजार. त्याखाली लीगल चार्जेस, सोसायटी फॉर्मेशन, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज मिळत नाही, तो खिशातून जातो. स्वतःचे १६ लाख धरले तर हातात २६ लाख रोख हवेत आणि घरात अजून पंखा नाही की पडदा नाही.

‘आज टोकन दिलंत तर हाच रेट, सोमवारपासून स्क्वेअर फुटामागे दोनशे वाढणार,’ असं तो मुलगा म्हणाला. वाढू द्या. रेराचा कायदा सांगतो की नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ती दिली तर तुमची बाजू लंगडी होते, कारण पैसा त्याच्याकडे आणि तुमच्याकडे फक्त पावती. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की ताबा कधी कबूल केला होता आणि तारीख किती वेळा पुढे ढकलली, हे दिसतं. ते बघायला पाच मिनिटं लागतात. तारीख पुढे गेली की इकडे जुन्या घराचं भाडं चालू आणि तिकडे प्री-ईएमआयचं व्याज चालू, असे दोन्ही खर्च एकाच पगारातून जातात. या काळात माणसं खंगतात, मी पाहिलंय.

मग लोक इतकी घाई का करतात? नुसत्या हौसेने नाही. आपल्याकडे भाड्याने राहणं नकोसं करून ठेवलंय.

हे असं नव्हतं. पुण्याच्या वाड्यांत आणि गिरगावच्या चाळींत बिऱ्हाडकरूंच्या पिढ्या राहिल्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. मालकाला दुरुस्तीएवढेही पैसे सुटेनात, वाडे खचले, पागडी सुरू झाली, नव्याने भाड्याने द्यायला कुणी धजेना. पुढे ‘ओनरशिपचा फ्लॅट’ आला आणि तोच प्रतिष्ठेचा झाला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला भाडेकरूचं संरक्षण नाही. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट भाडं मोजायची तरतूद आहे.

त्यात अकरा महिन्यांचा करार. मूल शाळेत रुळतं, पोळ्यांच्या बाई मिळतात, दूधवाला ओळखीचा होतो आणि दहाव्या महिन्यात मालकाचा मेसेज येतो: ‘यंदा दहा टक्के वाढ, नाहीतर बघा.’ पुन्हा ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, पुन्हा टेम्पो, आणि रंगाच्या नावाखाली डिपॉझिटला कात्री. दरवर्षी हे करून कंटाळलेलं कुटुंब सेल्स ऑफिसात जाऊन टोकन देतं. त्यात नवल काय?

पण हे अकरा महिने आले कुठून? केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षभराहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळ्यांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात या पळवाटेला अर्थच उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी करायचीच आहे, तर अकरा महिने कशाला? ६० महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणीचे हजार रुपये. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्या, मालकाने मधेच घर रिकामं करायला सांगायचं नाही ही अट घाला. मालकालाही यात फायदा आहे. घर रिकामं पडत नाही, दर वर्षी नवा माणूस शोधावा लागत नाही. घरमालकांनो, चांगला भाडेकरू दरवर्षी पळवून लावण्यात तुम्ही काय कमावता, ते एकदा कागदावर मांडून बघा.

काहींच्या बाबतीत मात्र वरचं सगळं गणित मी बाजूला ठेवतो. ज्यांना आडनाव विचारून घर नाकारलं जातं, धर्म कळल्यावर ‘आत्ताच गेलं’ असं सांगितलं जातं, डब्यात काय असतं याची चौकशी होते. एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री कोण येतं-जातं याचा हिशोब द्यावा लागतो. घटस्फोटानंतर लेकराला घेऊन घर शोधणाऱ्या बाईला विचारा, चार ब्रोकर फिरल्यावर तिला काय वाटतं ते. या माणसांनी अंगावर कर्ज घेऊन लांबच्या उपनगरात वन आरके घेतला, तर त्यांना व्याजाचा हिशोब शिकवायला जाऊ नये. ते घरात राहण्याचा हक्क विकत घेतात आणि त्यासाठी त्यांना जास्त पैसे मोजावे लागतात, ही लाज आपली सगळ्यांची आहे. सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये ‘बॅचलर नकोत, ते लोक नकोत’ असे ठराव हात वर करून पास करणाऱ्यांनी हे वाचावं.

बाकीच्यांसाठी माझं मत सरळ आहे. दोघांतल्या एकाची नोकरी गेली किंवा बाळंतपणात सुटली, तरी उरलेल्या पगारात हप्ता आणि किराणा दोन्ही भागतात का? पुढची सात-आठ वर्षं याच शहरात राहणार, याची खात्री आहे का? सगळी रोकड दिल्यावर सहा महिन्यांचा खर्च बँकेत उरतो का? तिन्हींना ‘हो’ असेल तर घर घ्या, खुशाल घ्या. शक्यतो भोगवटा पत्र मिळालेलं घ्या. त्यावर जीएसटी नाही आणि पलंग खऱ्या खोलीत मोजता येतो. एकालाही ‘नाही’ असेल तर थांबा, आणि मामांना काय बोलायचं ते बोलू द्या. हप्ता मामा भरणार नाहीत.

थांबायचं तेही जिथे घर घ्यायचंय त्याच भागात. वर्षभर तिथे भाड्याने राहा. मेमध्ये पाणी किती येतं, जुलैत रस्ता कुठे खचतो, सकाळी साडेआठला हायवेला लागायला किती वेळ लागतो, हे ब्रोशरमध्ये नसतं.

या रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला निघाला असाल तर जरूर जा. टेप न्या, चेकबुक घरी ठेवा आणि टोकन देऊ नका. परत येताना शेजारच्या, चार वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर थांबा आणि वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात.